थडग्यावरील अक्षरें

वाङ्मयप्रकारांची जी यादी आमच्या टीकाग्रंथांतून पुनः पुनः छापली जाते, तींत मृत्युलेखाला स्थान नाहीं. विलापिका आहे, चरित्र व आत्मचरित्र आहे. इतकेंच काय, पण इतिहाससंशोधकांच्या पुण्याईनें ताम्रपट व शिलालेख यांनाही वाङ्मयाच्या ओसरीवर बसावयास जागा मिळाली आहे. पण गांवच्या दफनभूमींत एखाद्या थडग्यावर चार ओळी असतात, त्या कोणी लिहिल्या, कोणासाठीं लिहिल्या, आणि चांगल्या लिहिल्या कीं वाईट, याची चौकशी करण्याचें आमच्या टीकाकारांस कधीं कारण पडलें नाहीं. याचें मूळ शोधावयास दूर जावयास नको. बहुसंख्य मराठी माणसें आपल्या मृतांस अग्नि देतात, आणि राख पाण्यांत सोडल्यावर अक्षरें कोरावयास दगड उरत नाहीं. परंतु उत्तर कोंकणांत, वसईच्या किनारपट्टींत, मराठी बोलणारा एक मोठा ख्रिस्ती समाज चारशें वर्षांहून अधिक काळ आपले मृत पुरीत आला आहे. त्यांच्या कबरींवर तो अक्षरें लिहितो, आणि वर्षांतून एकदां तीं अक्षरें घासून-पुसून पुन्हां वाचतो. हें वार्षिक वाचन मला वाङ्मयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें वाटतें, आणि त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

मी राहतों तो फुलपाडा विरारच्या पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशीं, पापडखिंडीच्या तलावाजवळ आहे. येथील वस्ती बव्हंशीं बाहेरून आलेली. कोणी रत्नागिरीकडचा, कोणी घाटावरचा, कोणी गिरणगांवांतून उठून आलेला. ज्याचे पितर त्याच्या मूळ गांवीं. भाद्रपदांत पितृपक्ष आला म्हणजे चाळीचाळींतून कावळ्यांस घांस ठेवले जातात, पण ज्यांच्यासाठीं ते ठेवावयाचे त्यांचा या मातीशीं कांहीं संबंध नसतो. रुळांपलीकडे पश्चिमेस गेलें म्हणजे मात्र आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, सांडोर अशीं गांवें लागतात, कीं जेथें माणसाचे आजे-पणजे त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर निजलेले आहेत. या दोन्ही वस्त्या एकाच नगरींतील आहेत. पण मृतांशीं असलेल्या नात्याच्या बाबतींत त्यांचे दोन निरनिराळे देश आहेत असें म्हटलें तरी चालेल.

दोन नोव्हेंबर हा कॅथलिक पंथाचा मृतात्म्यांचा दिवस. फ्रान्सांतील क्लूनी येथील मठाधिपति ओडिलो यानें दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ताब्यांतील मठांपुरता तो घालून दिला, आणि पुढें पाश्चात्य चर्चनें तो आपलासा केला. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं प्रत्येक धर्मगुरूस त्या एका दिवशीं तीन वेळां मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली; त्या वर्षीं युरोपांत मृतांची वाण नव्हती. वसईस या दिवसाची तयारी आधींपासून चालते. पाऊस नुकताच सरलेला असतो. चार महिन्यांत कबरींवर गवत माजलेलें, क्रुसाच्या बुडाशीं शेवाळ धरलेलें, कडेची माती ढासळलेली. मग विळे, खराटे, पाण्याच्या बादल्या आणि चुन्याचे डबे घेऊन घरचीं माणसें येतात. गवत उपटलें जातें, माती सारखी केली जाते, क्रूस धुतला जातो, आणि प्रत्यक्ष दिवशीं फुलें पसरून मेणबत्त्या लावल्या जातात. फादर ओळींमधून फिरून पवित्र पाणी शिंपडतात. वसई हा फुलांचा मुलूख आहे. येथल्या वाड्यांतील फुलें एरवीं पहांटेच्या गाडीनें दादरच्या बाजारांत जातात, त्या दिवशीं त्यांपैकीं कांहीं घरच्या घरीं राहतात. (फुलपाड्याच्या नांवांत फुलें आहेत, वाड्या मात्र रुळांच्या पलीकडे राहिल्या.)

आतां या सर्व सोपस्कारांत वाङ्मय कोठें आलें, असा प्रश्न एखादा वाचक विचारील. तें समजण्यासाठीं प्रथम ज्या वाङ्मयांत मृत्युलेखाचा गंभीरपणें विचार झाला आहे, त्या वाङ्मयाकडे वळणें भाग आहे.

ग्रेची १७५१ सालची विलापिका वाचल्यावांचून इंग्रजी वाङ्मयाची पदवी पदरांत पडत नसे, असा एक काळ होता. मीही ती वर्गांत पुष्कळ वर्षें शिकवीत आलों आहें, आणि शिकवितांना तिच्याविषयींचा माझा आदर कमी झालेला नाहीं. तथापि तिच्यांत एक मोठी उणीव आहे, ती वसईच्या दफनभूमींत उभें राहिल्यावर जितकी जाणवते तितकी पुस्तकांत जाणवत नाहीं. त्या कवितेंतल्या स्मशानांत कोणाचा कोणी नातलग येत नाहीं. सायंकाळ आहे, कवि एकटा आहे. ज्यांच्याविषयीं तो हळहळतो त्यांपैकीं एकाचेंही नांव त्याला ठाऊक नाहीं, किंबहुना नांव ठाऊक नसणें हाच त्याच्या करुणेचा आधार आहे. खेड्यांतल्या थडग्यांवरील ओबडधोबड ओळींचा तो उल्लेख करतो, पण तो जरा वरून, कनवाळूपणानें. त्या ओळी वाचावयास रविवारीं प्रार्थनेनंतर त्याच गांवचीं मुलें-सुना येत असतील, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. कारण तो आला तेव्हां तीं घरीं निघून गेलेलीं होतीं. परक्याची करुणा उदात्त असूं शकते. तथापि तिला गवत उपटावें लागत नाहीं.

कवितेच्या शेवटीं ग्रेनें एका काल्पनिक तरुणाचा मृत्युलेख पद्यांत रचून जोडला आहे. टीकाकारांत त्याच्याविषयीं फार वाद झाले. मला तो कवितेचा सर्वांत दुबळा भाग वाटतो. कारण तो कोणाचाच नाहीं, आणि कोणासाठींच नाहीं. पण याच ग्रेची आई दोनच वर्षांनीं, १७५३ सालीं, वारली. आणि स्टोक पोजेस येथें तिच्या थडग्यावर त्यानें गद्यांत जो लेख घातला, त्याच्याकडे अभ्यासकांचें लक्ष पुरेसें जात नाहीं. त्याचा भाव असा कीं, या मातेला पुष्कळ मुलें झालीं, आणि तिच्या मागें जगण्याचें दुर्भाग्य त्यांपैकीं एकाच्याच वांट्यास आलें. बारा मुलांत ग्रे एकटाच वांचला होता. लेखांत तो आपलें नांव सांगत नाहीं; सांगण्याची गरजही नाहीं, कारण तें थडगें पाहावयास येणारा मुलगा तोच. पुढें १७७१ सालीं त्याला त्याच थडग्यांत ठेवलें, आणि त्या शिळेवर त्याचें स्वतःचें नांव घातलें नाहीं. तो येथें आहे हें समोर चर्चच्या भिंतींत बसविलेल्या पाटीवरून कळतें. विलापिकेंतील सारी भव्यता एका बाजूस ठेवली आणि हें एक गद्य वाक्य दुसऱ्या बाजूस ठेवलें, तर मृत्युलेख या दृष्टीनें मी निःशंकपणें त्या वाक्याची बाजू घेईन.

या प्रकाराचें शास्त्र सांगण्याचा प्रयत्न दोघां मोठ्या माणसांनीं केला. जॉन्सननें १७४० सालीं मृत्युलेखावर निबंध लिहिला, आणि पुढें पोपच्या मृत्युलेखांची कठोर परीक्षा करतांना एक साधा पण मार्मिक आक्षेप घेतला: लेखांत मृताचें नांवच नसेल तर तो लेख कोणाचा म्हणावयाचा? वर्ड्‌स्वर्थनें १८१० सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच विषयावरचे त्याचे आणखी दोन निबंध त्याच्या मरणानंतर १८७६ सालीं छापले गेले. त्यांपैकीं शेवटल्यांत एक उल्लेख आहे, तो मला सबंध निबंधाहून मोलाचा वाटतो. एका चर्चच्या आवारांत त्यानें जमिनीलगत एक अगदीं लहान दगड पाहिला. त्यावर केवळ नांव आणि दोन तारखा होत्या. त्यांवरून कळे कीं तें मूल एके दिवशीं जन्मलें आणि दुसऱ्या दिवशीं गेलें. शेजारच्या लांबलचक लेखांपेक्षां त्या दोन तारखांनीं त्याचें अंतःकरण अधिक हालविलें. कवितेचा एवढा मोठा अधिकारी येथें कवितेचा आग्रह सोडतो, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

इटालियन कवि उगो फोस्कोलो याची वाट निराळी. नेपोलियनच्या राजवटीनें १८०४ सालीं हुकूम काढून दफनभूमि गांवाबाहेर नेल्या आणि थडग्यांवर एकसारखेपणाचा कायदा बसविला. तोच निर्बंध इटलींत लागू झाल्यावर त्यानें १८०७ सालीं थडग्यांवरील आपलें काव्य प्रसिद्ध केलें. थडग्याचा उपयोग मेलेल्यास कांहीं नाहीं, जिवंतांस आहे, हा त्याचा पक्ष. पण त्याला थोरांचीं थडगीं हवीं आहेत, राष्ट्राला स्फूर्ति देण्यासाठीं. नंदाखालच्या कोण्या बागाईतदाराच्या थडग्यानें राष्ट्राला स्फूर्ति मिळेल असें कोणी म्हणणार नाहीं, म्हणून फोस्कोलोचा हात धरून आपणांस फार लांब जातां येत नाहीं.

या सर्वांच्या विचारांत एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. ती अशी, कीं थडग्यावरील लेख वाटसरूसाठीं असतो. रोमन लोक आपले मृत राजमार्गाच्या कडेला पुरीत आणि शिळेवर ‘पांथस्था, थांब’ अशा अर्थाचें आवाहन कोरीत. तेव्हांपासून युरोपांतील मृत्युलेख अनोळखी माणसाशीं बोलत आला. अनोळखी माणसाला थांबवावयाचें म्हणजे त्याला कांहीं तरी द्यावें लागतें: स्तुति, उपदेश, चमत्कृति किंवा निदान एखादी सुबक ओळ. मृत्युलेखाचें युरोपीय सौंदर्यशास्त्र या एका गरजेंतून निघालेलें आहे.

वसईच्या दफनभूमींतील वाचक वाटसरू नव्हे. त्याच्या हातांत खराटा आहे. तो गुडघ्यांवर बसून अक्षरांतली माती काढतो आहे, आणि ज्याचें नांव तो पुसतो आहे त्याच्या कडेवर बसून तो लहानपणीं बाजारांत गेलेला आहे. त्याला थांबविण्याची आवश्यकता नाहीं. तो थांबण्यासाठींच आलेला आहे. त्याला स्तुतीचीही गरज नाहीं, कारण मृताचे गुणदोष त्याला दगडापेक्षां अधिक ठाऊक आहेत. मग अशा वाचकासाठीं लेख कसा असावा? माझ्या मतें वसईच्या मृत्युलेखाची परीक्षा याच एका प्रश्नावर झाली पाहिजे, आणि तशी ती केली म्हणजे नेहमींचीं मापें उलटीं होतात.

उदाहरणार्थ, संगमरवरावर यंत्रानें कोरलेल्या यमकबद्ध चार ओळी घ्या. अशा ओळी अलीकडे पुष्कळ दिसतात. त्यांत मृताला दिव्याची, फुलाची, ताऱ्याची उपमा असते. त्या कोणत्याही मृताला लागू पडतात, म्हणून कोणालाच लागत नाहींत. वाटसरूला त्या कदाचित् पुरतील. पण दरवर्षीं तेच शब्द पुसणाऱ्या मुलाला दहाव्या वर्षीं त्यांत आपल्या आईचा अंशही सांपडणार नाहीं. उलट, जुन्या सिमेंटच्या क्रुसावर पुष्कळदां नांव, गांव, जन्माचें व मरणाचें साल, आणि फार तर घराची ओळख सांगणारा एखादा शब्द, एवढेंच असतें. या मुलुखांत एकेका आडनांवाचीं कितीएक घरें एकाच गांवांत नांदतात. परेरा, लोपीस किंवा डाबरे एवढ्यानें कोणाचाच पत्ता लागत नाहीं. म्हणून घराच्या ओळखीचा तो शब्द, वाहवाखातर नव्हे तर केवळ घोटाळा टाळण्यासाठीं घातलेला, सबंध लेखाचा प्राण होऊन बसतो. तो वाचतांच एक विहीर, एक ओटा, एक आवाज उभा राहतो. वर्ड्‌स्वर्थच्या त्या लहान दगडाचें रहस्य हेंच आहे. जी माहिती वाचकाजवळ आहे, ती पुन्हां देऊं नये. जी चाळविल्यानें त्याजवळची सारी माहिती जागी होईल तेवढीच द्यावी.

याला कोणी असें म्हणेल कीं मग हा लेख दोन पिढ्यांपुरताच उपयोगी. नातवाचा मुलगा आला म्हणजे त्याला ती विहीर ठाऊक नसणार. आक्षेप खरा आहे. पण तो मुलगा एकटा येत नसतो, हें विसरूं नये. त्याला कोणी तरी घेऊन येतें, आणि गवत उपटतां उपटतां हा शब्द म्हणजे काय हें सांगतें. दगडावरचा लेख हा अर्धाच लेख आहे. उरलेला अर्धा दरवर्षीं तोंडानें पुरा होतो. ज्या वर्षीं तो पुरा करणारें कोणी येणार नाहीं, त्या वर्षीं लेख संपला.

हा शेवट कसा असतो तें पाहावयाचें असेल तर वसईच्या किल्ल्यांत जावें. १५३४ सालच्या तहानें गुजरातच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांस वसई मिळाली, आणि मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती घेतली. मधल्या दोनशें वर्षांत तेथें जीं चर्चें उभीं राहिलीं त्यांचीं आज छपरें नाहींत, पण फरशींत थडग्यांच्या शिळा आहेत. गेर्सन दा कुन्हा यांनीं चौल व वसई यांवरील आपल्या १८७६ सालच्या ग्रंथांत त्यांपैकीं अनेक लेख उतरून घेतले, त्यामुळें झिजलेलीं अक्षरेंही आज आपणांस वाचतां येतात. पोर्तुगीज थडग्यांवर एक सूत्र वारंवार आढळतें: ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. मालमत्तेच्या दस्तऐवजांतली ही भाषा आहे. कबर हीही एक वहिवाटीची जागा, ती पुढल्या पिढ्यांस मिळावी, एवढाच तिचा हेतु. पण १७३९ नंतर वारस गलबतांत बसून निघून गेले. आतां त्या शिळांवर पावसाळ्यांत गवत वाढतें आणि तें काढावयाचें तर पुरातत्त्व खात्याच्या मजुरांनीं काढावयाचें. ‘आणि त्याच्या वारसांची’ या शब्दांत जें कारुण्य आज भरलें आहे तें लिहिणाराच्या स्वप्नींही नव्हतें. मृत्युलेखांत हें एक विलक्षण आहे कीं त्याचा रस कधीं कधीं लिहिल्यानंतर शेंकडों वर्षांनीं, आणि वाचक गेल्यामुळेंच, उत्पन्न होतो. तथापि हा रस वाटसरूचा आहे, ग्रेचा आहे. वारसाला तो मिळावयाचा नाहीं.

आमच्याकडे दगड मुळीं नव्हताच, असें मात्र नाहीं. बोरिवलीजवळ एक्सर येथें वीरगळांची जी प्रसिद्ध रांग आहे, तींतल्या कांहींवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. शिलाहार सोमेश्वर व देवगिरीचा महादेव यादव यांच्यांतील तेराव्या शतकांतील संग्रामाशीं अभ्यासक ती जोडतात. शिल्प म्हणून तीं अप्रतिम आहेत. वीर पडतो, अप्सरा त्याला उचलून नेतात, वर शिवाची पूजा चाललेली असते. पण त्या वीरांचीं नांवें आपणांस वाचावयास मिळत नाहींत. जॉन्सनचा आक्षेप येथें मूर्तिमंत उभा आहे. प्रसंग राहिला, माणूस गेला.

दुसरी परंपरा समाधींची. कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीचा सोहळा होतो. १२९६ सालच्या त्या प्रसंगाचें वर्णन करणारे, नामदेवांच्या नांवावर असलेले समाधीचे अभंग माझ्या मतें मराठींतील मृत्युविषयक वाङ्मयांत सर्वांत श्रेष्ठ होत. ते नामदेवांचेच कीं नंतरच्या कोणाचे, हा वाद पंडितांनीं खुशाल करावा. येथें पाहावयाचें तें इतकेंच, कीं तेही वाटसरूचें वाङ्मय नव्हे. ते दरवर्षीं त्याच तिथीस, त्याच जागीं, तीच माणसें गातात. आणि त्यांत ज्ञानदेवांच्या थोरवीपेक्षां निवृत्तिनाथांच्या शोकास, भावंडांच्या ताटातुटीस अधिक जागा दिलेली आहे. वसईंतच निर्मळ येथें शंकराचार्यांची म्हणून मानलेली समाधि आहे, आणि तिची यात्रा कार्तिक वद्य एकादशीस भरते. त्याच गांवांत होली क्रॉसचें चर्चही आहे. कॅथलिक लोक सबंध नोव्हेंबर महिना मृतात्म्यांचा मानतात. कार्तिकाचा वद्य पक्ष बहुधा त्याच सुमारास येतो. म्हणजे निर्मळास एकाच ऋतूंत, दोन निरनिराळ्या पंचांगांनुसार, दोन समाज पुरलेल्या माणसांकडे फुलें घेऊन जातात. यावरून कोणताही मोठा सिद्धान्त काढण्याची माझी इच्छा नाहीं. पाऊस संपला, वाटा वाळल्या, फुलें आलीं, म्हणजे मृतांकडे जावयाचें, हें दोघांनाही पटलें आहे एवढेंच.

ज्यांना समाधिही नाहीं आणि थडगेंही नाहीं त्या आम्हां बहुसंख्यांनीं काय केलें? आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांत याचें उत्तर आहे, आणि तें दोन विधवांनीं दिलेलें आहे. न्यायमूर्ति रानडे १९०१ सालीं वारले. रमाबाईंनीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० सालीं प्रसिद्ध केल्या. रेव्हरंड टिळक १९१९ सालीं वारले. लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागानें बाहेर पडलीं. टिळक ख्रिस्ती झाले तरी आपल्या देहाला अग्नि द्यावा अशी त्यांची इच्छा होती, हें येथें अर्थपूर्ण आहे. या दोन्ही पुस्तकांस टीकाकार आत्मचरित्र म्हणतात; मला तीं थडग्याची निगा राखण्याच्या जातीचीं वाटतात. विशेषतः लक्ष्मीबाईंच्या लिहिण्यांत ज्या तऱ्हेनें नवऱ्याचे विक्षिप्तपणे, भांडणें, हरवलेले पैसे, फसलेले बेत एकेक करून पुसून मांडले जातात, तें काम खराटा घेतलेल्या माणसाचें आहे, पुतळा उभारणाऱ्याचें नव्हे. टिळकांवर पुष्कळांनीं गौरवपर लिहिलें. तें आज कोण वाचतो? रमाबाईंच्या पुस्तकांत आदर इतका आहे कीं कधीं कधीं हात थबकतो. तरी जेथें घरांतली बारीक हकीकत येते तेथें न्यायमूर्ति जिवंत होतात.

आतां वसईच्या लेखांपुढील आजच्या खऱ्या अडचणीकडे येतों. ती भाषेची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते १९६५ पर्यंत, मिस्सा लॅटिनमध्यें होई. त्यानंतर वसईच्या चर्चांतून मराठी उपासना रुजली, आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयास येथें असा बहर आला कीं २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांस मिळालें. (ते २०२४ सालीं निवर्तले.) थडग्यांवरही मराठी आहे. पण नव्या शिळांवर इंग्रजी वाढत आहे, आणि त्याचें कारण दिखाऊपणा हें एकच आहे असें समजणें अन्यायाचें होईल. ज्या नातवानें पुढें तें थडगें पुसावयाचें तो इंग्रजी शाळेंत जातो. त्याला मराठी बोलतां येतें, वाचतांना मात्र तो अडखळतो. आजीच्या थडग्यावर आजीला येत होती ती भाषा घालावी, कीं नातवाला वाचतां येते ती?

मीं वर जी कसोटी सांगितली ती कडकपणें लावली तर उत्तर नातवाच्या बाजूनें द्यावें लागेल, कारण वाचक तो आहे. इंग्रजीचा अध्यापक या नात्यानें मला तें उत्तर सोयीचेंही झालें असतें. तरी मी तें देत नाहीं. कारण इंग्रजींत लिहितांना आजीचें नांव आणि सालें तेवढीं राहतात, आणि घराच्या ओळखीचा तो शब्द गळतो. तो इंग्रजींत लिहितां येत नाहीं असें नाहीं. पण शांतीच्या ठराविक इंग्रजी प्रार्थनेशेजारीं तो बसविण्यास लिहिणाराला संकोच वाटतो. मराठी लेखांत तो निःसंकोच बसतो. शिवाय, अडखळत कां होईना, वर्षांतून एकदां मोठ्यानें वाचावयाचा एक मराठी मजकूर त्या मुलाच्या आयुष्यांत शिल्लक राहतो, आणि तोही असा, कीं ज्याच्या अर्थाविषयीं उदासीन राहणें त्याला शक्य नाहीं. शाळेंतल्या किती धड्यांविषयीं असें म्हणतां येईल?

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. सामवेदी समाजाची कादोडी, वाडवळांची वाडवळी, कोळ्यांची बोली, यांत माणूस घरीं हंसतो, रागावतो आणि रडतो. कबरीपाशीं बसून मृताशीं जें बोललें जातें तें याच बोलींत. मीं पाहिलेल्या शिळांवर मात्र प्रमाण मराठीच आहे. यांत न्यूनगंडाचा भाग असेल. पण मला यांत एक औचित्यही दिसतें. दगड शिष्ट भाषेंत नांव पुकारतो, माणूस घरच्या भाषेंत उत्तर देतो. बोलीच्या अभिमान्यांनीं आतां शिळांवरही बोली आणण्याची चळवळ करावी काय? करावयाची असेल त्यांनीं घाई करूं नये, एवढीच माझी सूचना. बोलीचें तेज ती बोलली जाते तेथें आहे. आणि ती बोलण्यास वर्षांतून एक दिवस तरी तेथें जागा राखलेली आहे.

जागेचा विषय निघाला म्हणून सांगतों. लोकसंख्या वाढली, दफनभूमि वाढली नाहीं. पुष्कळ ठिकाणीं कायमची कबर मिळणें दुरापास्त झालें आहे. ठराविक वर्षांनीं जुनी कबर उघडून तींत नवा मृत ठेवतात आणि पूर्वींच्या अस्थि भिंतींतल्या कोनाड्यांत किंवा एकत्र ठेवण्याच्या जागीं जातात. कोनाड्याचें झांकण वीतभर असतें. त्यावर यमकबद्ध चार ओळी बसत नाहींत, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. पण जुना क्रूस उपटला म्हणजे त्यावरचा मजकूर कोठें जातो? बाप्तिस्म्याच्या व मरणाच्या नोंदी चर्चच्या वह्यांत राहतात; थडग्यावरचा शब्द कोणाच्याच वहींत नसतो. दा कुन्हा यांनीं निर्वंश झालेल्या पोर्तुगीज शिळांचे लेख कष्टानें उतरले. ज्यांचे वारस अजून गांवांत आहेत त्या मराठी क्रुसांचे लेख कोणी उतरले असते तर मराठी गद्याच्या इतिहासाला एक प्रकरण मिळालें असतें. आजही महाविद्यालयांतील मराठीचे विद्यार्थी चार नोव्हेंबर महिन्यांत हें काम पुरें करूं शकतील. अशा प्रबंधांस पदवी देण्यास विद्यापीठांस हरकत नसावी. याहून निरुपयोगी विषयांवर त्या दिल्या गेल्या आहेत.

असें काम करणाराला एक अडचण येईल, आणि ती मला मोठी गोड वाटते. ज्या क्रुसांवर अक्षरें कोरलेलीं नसून रंगानें लिहिलेलीं असतात, त्यांवरचा रंग पावसानें उडतो आणि मृतात्म्यांच्या दिवसापूर्वीं तो पुन्हां द्यावा लागतो. रंग देणारा दरवेळीं तोच नसतो. एके वर्षीं बाप लिहितो, दुसऱ्या वर्षीं मुलगी, कधीं मजुरी देऊन आणलेला रंगारी. कोणी पुसट झालेला आठ हा तीन समजून गिरवितो. कोणाच्या हातून ऱ्हस्वाचें दीर्घ होतें. कोणी घराच्या ओळखीचा शब्द अनावश्यक म्हणून गाळतो, आणि पुढल्या वर्षीं एखादी आत्या रागावून तो परत घालावयास लावते. म्हणजे आमच्या पोथ्यांचें जें झालें तेंच येथें उघड्यावर, दरसाल, घरच्या माणसांच्या हातून होत असतें. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर ज्यांनीं आयुष्यें वेंचलीं त्यांना हा व्यवहार परका वाटूं नये. संपादकानें येथें मूळ पाठ कोणता धरावा? मला विचाराल तर, ज्या वर्षीं आत्या रागावली त्या वर्षींचा.